शेवटचा फर्मा

पुस्तक रविवारी जुन्या बाजारात मिळालं,
बिजागऱ्या आणि मोडक्या पंख्यांच्या ढिगात.
मुखपृष्ठ नव्हतं, त्यामुळे नावही नाही.
"वीस द्या," म्हणाला, "कागद चांगला आहे."
कागद कसला, पिवळा पापुद्रा.
पण जुळणी सुबक,
एकेक खिळा कुणीतरी उभ्यानं लावलेला.
नारायण पेठेत मी चाळीस वर्षं तेच केलं,
मला कळतं.

मंगळवार, गुरुवार, शनिवार.
रास्ता पेठ, दुसरा मजला, पाचवी खाट.
आधी वजन. काट्यावर चढायचं चपला काढून,
देवळात शिरल्यासारखं.
"काका, दोन किलो आठशे. पाणी जास्त झालं,"
प्रज्योत म्हणतो. मी पकडलेल्या चोरासारखा गप्प.
मग डाव्या हातात दोन सुया, चार तास.
उजवा मोकळा,
पान उलटायला.

गोष्ट हर्णैच्या एका तांडेलाची, हिरोजी नाव.
गलबत फुटतं, आणि सत्तेचाळिसाव्या पानावर
तो एका खडकाळ बेटावर एकटा जागा होतो.
चहूकडे पाणी. पिता येत नाही.
पावसाचं साठवतो, करवंटीनं मोजतो,
सकाळी एक, तिन्हीसांजेला एक.

इथं मी बोट घालून पुस्तक मिटलं.
आमच्याकडे स्टीलची वाटी आहे,
उषानं आतून नेलपॉलिशची रेघ मारलेली.
दिवसाला पाच. चहा, आमटी, गोळ्यांचा घोट धरून.
खडकवासला भरलं की मुठा दुथडी वाहते,
लकडी पुलावर माणसं पाणी बघायला थांबतात.
मी रिक्षात दुसरीकडे बघतो.

हिरोजी काही धीट वगैरे नाही.
पहिल्या रात्री रडतो, खेकड्याला आईवरून शिव्या घालतो,
मग त्याचीच माफी मागून त्याला खातो.
एका वाटोळ्या गोट्याला देव म्हणतो.
नवव्या प्रकरणात चिडून तो देव समुद्रात भिरकावतो
आणि दुसऱ्या दिवशी ओहोटीला
कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून चाचपत राहतो.
एक गोटा सापडतो.
तोच की दुसरा, लेखक सांगत नाही.
मी देवभोळा नाही.
तेवढं पान मात्र दोनदा वाचलं.

शेजारच्या खाटेवर बिबनभाई तांबोळी,
मार्केटयार्डात मिरचीचा गाळा.
सुया लागल्या की पहिला प्रश्न,
"काय म्हणतो तुमचा खलाशी?"
मी सांगायचो. ते भाव ऐकावा तसं ऐकायचे,
डोळे मिटून, मान हलवत.

दोनशे चाळिसावं पान, गुरुवार.
लांब काहीतरी पांढरं. शीड, की ढग.
हिरोजी ओला पाला पेटवतो, धूर धरत नाही,
तो गुडघे टेकून फुंकर घालतो, पुन्हा घालतो,
आणि पुठ्ठा.
सोळा पानं नाहीत. अख्खा फर्मा गळालेला.
अशा चुकांवर मी बाइंडरांचे जन्म काढले आहेत.
"शीडच असणार," बिबनभाई म्हणाले,
"ढगासाठी एवढा कागद कोण खर्च करील?"

शनिवारी त्यांच्या खाटेवर नवी चादर होती.
मी विचारलं नाही.
प्रज्योतनं सांगितलं नाही.
काट्यावरचा आकडा त्यानं त्या दिवशी हळू म्हटला.

मनगटापाशी जिथं माझी शीर जोडली आहे
तिथं बोट ठेवलं की घरघर लागते.
रोज तपासा, डॉक्टर म्हणाले होते,
ती आहे तोवर काळजी नाही.
रात्री मी हात उशीवर घेतो, कान टेकवतो.
शंखातून यावा तसा आवाज.
उषा कुशीवर वळून विचारते, "आहे?"
"आहे."

जुन्या बाजारात दुसरी प्रत शोधतो का?
नाही शोधत.
आज चार वाट्या झाल्या.
पाचवी झाकून ठेवली आहे, ओट्यावर.
तिकडे तो अजून फुंकतो आहे.